बुढीचं माहेरपण

अकोल्यात समुद्र आहे म्हटलं की माणसं हसतात. हसू द्या. डॉक्टर प्रणिता गावंडेंच्या दवाखान्यात दाढ धरून बसलेल्या कुठल्याही पेशंटला विचारा, तो शपथेवर सांगेल. बाहेरच्या बाकासमोर काचेची मोठी टाकी होती, तीत खारं पाणी होतं आणि पाण्यात जिवंत पोवळी होती. अंगठीत बसवतात तसली टणक नव्हेत. मऊ, मांसल, पाणी हललं की डुलणारी. टाकीच्या काचा खिडक्यांच्या काचवाल्याकडून कापून आणून प्रणितानं स्वतः सिलिकॉननं चिकटवलेल्या. समुद्रही घरीच केलेला: गाळलेलं पाणी, मीठ, एप्सम सॉल्ट, कॅल्शियम, खायचा सोडा, आणि ढवळायला ताकाची मोठी रवी.

“हे फूल आहे का हो बाई?” पेशंट विचारायचा.

“जनावर आहे. तुम्ही तोंड उघडा.”

टाकीतलं सगळ्यात मोठं पोवळं म्हणजे बुढी. जाड देठ, वर दुमडलेल्या कडांची थाळी, आणि थाळीभर बारीक बारीक बोटं. ही बया मधूनच रुसायची. बोटं आत ओढून, अंगावर मेणासारखा पापुद्रा चढवून आठवडाभर तोंड फिरवून बसायची, आणि मग एक दिवस पापुद्रा टाकून अशी फुलायची की जसं काही झालंच नाही. म्हणून नाव बुढी. दवाखान्यातल्या खुर्च्या बदलल्या, एक्स-रेचं यंत्र बदललं, प्रणिताचे केस पांढरे झाले. बुढी होती तिथेच होती.

आता बुढीला एवढं महत्त्व का, ते सांगायला हवं. पोवळं हा प्राणी, पण त्याच्या अंगात भाडेकरू राहतात. डोळ्यांना दिसू नये इतकं सूक्ष्म शैवाल. ते उजेडावर साखर तयार करतं आणि भाडं म्हणून प्राण्याला देतं. पोवळ्याचा तपकिरी रंग या भाडेकरूंचाच. पण पाणी तापलं की शैवाल बिघडतं आणि साखरेऐवजी विष करू लागतं. मग पोवळं त्याला हाकलून देतं, पांढरंफटक पडतं, आणि पुढे त्याला खाऊ घालणारं कुणी उरत नाही. गेल्या काही वर्षांत जगातल्या समुद्रांमध्ये हेच चाललं होतं. मालवणपासून अंदमानपर्यंत पोवळी पांढरी पडत होती.

आणि इकडे अकोल्यात? इथला मे महिना आणि इथली वीज, दोन्ही तुम्हाला ठाऊक आहेत. दर उन्हाळ्यात लाइट जायची, टाकीचं पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं व्हायचं, बुढीच्या अंगातलं बरंचसं शैवाल मरायचं. जे चिवट तेवढं उरायचं आणि पुन्हा वाढायचं. माणसाच्या एका पिढीत शैवालाच्या हजारो पिढ्या होतात. वीस-बावीस उन्हाळे अशी चाळणी लागल्यावर बुढीचं शैवाल असं काही कडक झालं, की ज्या पाण्यात समुद्रातलं पोवळं दोन दिवसांत पांढरं पडेल त्या पाण्यात बुढी आरामात डुलत असे.

हे प्रथम ओळखलं रेवती ठोसरनं. अमरावतीच्या हॉस्टेलमध्ये प्रणिता आणि ती एकाच खोलीत राहिलेल्या. एक दातांची डॉक्टर झाली, दुसरी तिथल्याच कॉलेजात प्राणिशास्त्राची प्राध्यापक. “पन्ने, तू घरात काय पाळून राहिली आहेस ते तुला तरी समजतं का?” असं ती एका मे महिन्यात थर्मामीटर हातात घेऊन ओरडली होती. तिनं त्यावर शोधनिबंध लिहिला आणि प्रणिताचं नाव आपल्या आधी घातलं. अशी मैत्रीण.

विदर्भात खारं पाणी पाळणारी पाच-सहाच घरं, त्यामुळे त्यांचे रिवाजही घरगुती होते. आपल्या पोवळ्याचा तुकडा कापायचा आणि दुसऱ्याच्या टाकीत द्यायचा. प्रणिता तो दातांच्या ब्लेडनं कापायची, एका झटक्यात. याला म्हणायचं लेक सासरी पाठवणं. आपली टाकी कधी बुडालीच तर तिकडची लेक परत येते आणि घर पुन्हा भरतं. बाहेरून विकत आणलेलं काहीही आधी महिनाभर वेगळ्या बादलीत राहायचं, त्यातून रोग येऊ नये म्हणून. त्यात कुणाची गय नव्हती. माहेरी आलेल्या लेकीला मात्र बादली नाही. तिला थेट टाकीत घ्यायचं. आपल्याच मुलीला दाराबाहेर बसवतं का कुणी?

‘निळाई’ नावाची कंपनी याच सुमारास उभी राहिली. तापलेल्या समुद्रात जगणारी पोवळी विकायचा तिचा धंदा, आणि तिची खरी करामत होती कुलूप. त्यांनी शैवालाच्या जनुकांत असा बदल केला होता, की एक विशिष्ट पदार्थ मिळाल्याशिवाय ते वाढूच शकत नसे. तो पदार्थ निसर्गात नाही. फक्त कंपनीच्या कारखान्यात होतो. कारणही पटण्यासारखं देत: बदललेलं शैवाल समुद्रात सोडलं आणि ते माजलं तर? पदार्थ बंद केला की संपलं. मिळत असला की मात्र हे शैवाल इतर कुठल्याही शैवालापेक्षा झपाट्यानं वाढायचं आणि जुन्या भाडेकरूंना बाहेर काढायचं. त्या पदार्थाला कंपनीनं लांबलचक नाव दिलं होतं. लोक त्याला गुटी म्हणायचे.

कंपनीचा माणूस बुढीसाठी प्रणिताकडेही येऊन गेला होता. अट एकच: मूळ वाण आमच्याकडे, दुसऱ्या कुणाकडे तुकडाही राहणार नाही. “मग मी लेकी सासरी पाठवायच्या नाहीत?” असं विचारून तिनं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. रेवतीला सांगितलं तर ती म्हणाली, “बरं केलंस.”

तिकडे मालवणच्या मासेमारांनाही कंपनी नको होती. समुद्रात गुटीची पिंपं बांधा, दरवर्षी भरून घ्या, हे त्यांना पटेना. त्यांच्यातला पाणबुड्या रुपेश कोयंडे शोधत शोधत अकोल्याला आला, बुढीसमोर बाकावर अर्धा तास बसला आणि म्हणाला, “डॉक्टरबाई, हिच्या लेकी आमच्या खडकावर लावायला द्याल?” प्रणिताला एवढा आनंद तिच्या स्वतःच्या लग्नात झाला नसेल. मार्गशीर्षात समुद्र शांत असतो, तेव्हा तुकडे न्यायचे असं ठरलं.

आणि भाद्रपदात घात झाला. बिल्डिंगवाल्यांनी डासांसाठी धूर मारायला माणूस बोलावला. दवाखाना बंद होता. धूर खिडकीतून आत आला आणि टाकीत हवा सोडणाऱ्या पंपानं तो इमानेइतबारे पाण्यात ओढला. प्रणिता आली तेव्हा पाणी दुधाळ झालं होतं. बुढी वितळली होती. मऊ पोवळं मरतं तेव्हा नासलेल्या मासळीसारखा वास येतो. तो वास नाकात घेत, दारावर ‘आज दवाखाना बंद’ अशी पाटी लावून ती स्टुलावर बसून रडली. मागच्या काचेला चिकटलेली छत्र्यांसारखी चार छोटी पोवळी तेवढी वाचली. तिनं टाकी धुतली, नवं पाणी केलं, छत्र्या त्यात ठेवल्या आणि रेवतीला फोन लावला.

“रेवे, बुढी गेली.”

“अवं मायवं! रडू नको. लेक आहे नं माझ्याकडं. मी येते घेऊन.”

आली ती नेमकी महालक्ष्म्या बसायच्या दिवशी. हातात झाकणाची बरणी, बरणीत तळहाताएवढी बुढीची लेक, आणि काखेत मिठाची मोठी पिशवी.

“हे काय?”

“लेकीबरोबर सासरहून शिदोरी पाठवली आहे,” रेवती हसून म्हणाली. “चांगलं मीठ आहे, तयार. आता काही दिवस तू मोजमाप करत बसू नको. दमलीस बाप्पा.”

प्रणितानं बरणीला हळदीकुंकू लावलं. दोघी हसल्या, मग दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. बादलीचा विचारही प्रणिताच्या मनात आला नाही. लेक थेट टाकीत गेली.

आणि काय फुलली! रोज नवी बोटं. दिवाळीपर्यंत ती थेट जुन्या बुढीसारखी दिसायला लागली, आणि प्रणिता तिला बुढीच म्हणू लागली. वाढ पाहून रुपेशही फोनवर खूश झाला. दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं, त्यात रेवतीचं मीठ घालायचं, एवढंच काम. पिशवी संपत आली तशी प्रणितानं पुन्हा आपली रवी काढली आणि घरचा समुद्र घुसळायला घेतला.

थंडी सुरू झाली होती. पाणी जितकं हवं तितकंच गार. आणि बुढी फिकी पडू लागली.

आधी प्रणिताला वाटलं, रुसली असेल. मग दिवे तपासले, क्षार तपासले, पाणी तीनदा तपासलं. सगळं ठीक. बुढी जास्त दुधाच्या चहासारखी झाली, मग नुसत्या दुधासारखी. आणि मग एक दिवस प्रणिताचं लक्ष मागच्या काचेकडे गेलं. त्या चार छत्र्याही पांढऱ्या पडल्या होत्या. बुढीची लेक बाहेरून आली होती, ठीक आहे. पण छत्र्या कधी घर सोडून गेल्याच नव्हत्या. त्यांनी अकोल्याचे सगळे उन्हाळे सोसले होते. यांना काय झालं?

पोवळी एकमेकांशी भाडेकरूंची देवाणघेवाण करतात. रोज थोडं शैवाल पाण्यात सोडायचं, पाण्यातलं थोडं आत घ्यायचं. प्रणिताला हे पाठ होतं. म्हणजे लेकीचे भाडेकरू छत्र्यांतही शिरले होते, आणि फिकं पडणं सुरू झालं ते रेवतीचं मीठ संपल्यावर. मग तिनं पिशवी झटकून तळाचं उरलंसुरलं मीठ काढलं. दातांचे साचे ठेवायच्या दोन काचेच्या वाट्या घेतल्या. दोन्हींत एकाच छत्रीचा एकेक तुकडा. एका वाटीत रेवतीच्या मिठाचं पाणी, दुसरीत घरचं. उजेड एकच, ऊब एकच. पुढचे दिवस ती पेशंटच्या तोंडात बघत होती आणि मन वाट्यांपाशी होतं. पहिल्या वाटीतला तुकडा हळूहळू तपकिरी झाला. दुसरा पांढराच राहिला.

मिठात गुटी होती.

तिनं दोन्ही वाट्या झाकल्या, गाडी काढली आणि अमरावती गाठली.

रेवतीची प्रयोगशाळा ओळखू येत नव्हती. नव्या टाक्या, निळे दिवे, पॉलिश केलेली फरशी. “अवं, अशी अचानक? फोन तरी करायचा,” म्हणत रेवती पुढे आली. प्रणितानं वाट्या टेबलावर ठेवल्या.

“यातली तुझी कोणती नि माझी कोणती, सांग.”

रेवतीनं वाट्यांकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. “बस आधी. पाणी घे.”

“पाणी नको. तुझ्याकडचं तर मुळीच नको. कधीपासून, रेवे?”

“तू कंपनीला नाही म्हणालीस, त्याच्या पुढच्याच महिन्यापासून.”

“मला तर ‘बरं केलंस’ म्हणाली होतीस!”

“तेव्हा तसंच वाटत होतं. मग कॉलेजनं ही प्रयोगशाळा बंद करायला काढली, आणि पैसा त्यांनी दिला. पन्ने, मी आयुष्यभर मेलेली पोवळी मोजत आले. हे पहिलं असं काहीतरी होतं, जे त्यांना जगवू शकत होतं. आणि कुलूप वाईट नाही. उद्या काही बिघडलं तर थांबवता येतं, हे मला पटतं. आजही पटतं.”

“आणि माझी बुढी? मी दिलेली लेक?”

“मूळ वाण ठेवायचं नाही अशी अट होती.” रेवतीचा आवाज खाली गेला. “दिली त्यांना. तिच्यात त्यांनी बदललेलं शैवाल घातलं आणि तिचाच तुकडा मला परत दिला.”

प्रणिताला हे सगळं कळत होतं आणि एक गोष्ट कळत नव्हती. ती म्हणाली, “मग मला खोटं का दिलंस? ‘माझ्याकडचीही मेली गं’ म्हणाली असतीस, तर मी रडून मोकळी झाले असते. मला शिदोरी कशाला दिलीस?”

रेवतीनं जवळच्या टाकीचा निळा दिवा बंद केला.

“मालवणचे लोक कंपनीकडून घेत नव्हते,” ती म्हणाली. “तुझ्याकडून घेतील, हे माहीत होतं. एकदा खडकावर लागलं की कंपनी गुटी सोडायची व्यवस्था करणार होती. फुकट. सुरुवातीला.”

प्रणितानं वाट्या आपल्याकडे ओढल्या. म्हणजे ही बाई बरणी घेऊन आली, हळदीकुंकू लावताना हसली, डोळे पुसले, तेव्हा तिच्या मनात हे होतं! प्रणिताला वापरलं होतं. तिच्या नावाला, तिच्या शब्दाला, रुपेशनं बाकावर बसून टाकलेल्या विश्वासाला. हॉस्टेलमध्ये तापानं फणफणली असताना हिनंच रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या, आणि हिनंच आता मिठात कालवून दगा दिला होता. घरच्या पाण्याच्या बादलीत महिनाभर ठेवली असती तर ती लेक बादलीतच पांढरी पडली असती आणि टाकी वाचली असती. पण रेवतीला ठाऊक होतं, प्रणिता लेकीला बादलीत ठेवणार नाही.

“यवतमाळचे मोहोड सर?” तिनं विचारलं. “वर्ध्याची अनघा? त्यांच्याकडेही बुढीच्या लेकी आहेत.”

“दिवाळीत सगळ्यांकडे जाऊन आले.”

“बरण्या नि पिशव्या घेऊन?”

रेवतीनं मान खाली घातली. म्हणजे जुनं शैवाल कुठेच उरलं नव्हतं.

प्रणितानं तिथेच, तिच्यासमोर, रुपेशला स्पीकरवर फोन लावला. रेवती हातानं नको नको म्हणत होती. प्रणितानं तिच्याकडे पाहत पाहत सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता, स्वतःची चूकसुद्धा. पलीकडे लाटांचा आवाज आणि कुणाचंतरी ओरडणं ऐकू येत होतं.

“औषधाशिवाय जगतील का?” रुपेशनं विचारलं.

“नाही.”

“रुपेश, मी रेवती ठोसर बोलते,” रेवती मध्येच पुढे झाली. “नाही लावलंत तर तुमचा खडक या उन्हाळ्यात जाईल हो. सगळा. मी आकडे पाहिलेत.”

“तुम्ही शिकलेल्या आहात, खरंच सांगत असाल,” रुपेश शांतपणे म्हणाला. “पण समुद्राला सलाईन लावून कोण बसणार? आणि नळी कुणाच्या हातात? मेला तर आमचा म्हणून मरेल.” मग तो प्रणिताशी बोलला आणि त्याची भाषा बदलली. “तू रडा नको गो बाय. तुझो काय दोष?”

ती रडत होती हे तिला तेव्हा कळलं.

निघताना रेवती तिच्यामागे गाडीपर्यंत आली. हातात नवी पिशवी होती. “निदान बुढीसाठी घेऊन जा. पन्ने, ऐक माझं. मरेल ती.”

“मरू दे,” प्रणिता म्हणाली आणि गाडीची काच वर केली. रेवतीनं मागचं दार उघडून पिशवी आत टाकलीच.

परतीच्या वाटेवर प्रणितानं ठरवून टाकलं. मीठ घालायचं नाही. कुणास ठाऊक, छत्र्यांच्या एखाद्या कोपऱ्यात जुन्या शैवालाचे चार कण उरले असतील. नवे भाडेकरू उपासानं गेले की ते वर येतील. अकोल्याच्या उन्हाळ्यांनी हेच तर केलं होतं. तिनं पिशवी औषधांच्या कपाटामागे ढकलली आणि वाट पाहू लागली. सकाळी आली की आधी भिंग घेऊन छत्र्यांपाशी जायची. एखादा तपकिरी ठिपका, एखादी रेघ, काहीही. पेशंट विचारायचे, “बाई, यांना काय झालं?” ती म्हणायची, “तोंड उघडा.”

ठिपका दिसला नाही. छत्र्या एकेक करून आक्रसल्या आणि काचेवरून सुटल्या. शेवटची सुटली त्या दिवशी प्रणितानं ती भिंगाखाली कापून पाहिली. आत काहीच नव्हतं. वीस-बावीस उन्हाळ्यांनी घडवलेलं ते शैवाल जगात आता फक्त कंपनीच्या कुलपात होतं.

बुढी तेवढी उरली. पांढरी, काचेसारखी आरपार, पण जिवंत. एवढ्या अशक्तपणात रुसून मिटून घ्यावं की नाही? ते नाही. सगळी बोटं बाहेर काढून, ताणून ताणून ती पाण्यात चाचपत होती. कुठे काही लागतं का, कुठे कण सापडतो का. प्रणिता स्टुलावर बसून बघत राहिली. रुपेश अख्ख्या समुद्राबद्दल जे बोलू शकला, ते तिला या एका जनावराबद्दल बोलता येईना. बुढीला कुठे माहीत होतं कुलूप आणि करार? तिला काय ठाऊक कुणी कुणाला फसवलं? प्रणितानं स्वतःला दोन शिव्या घातल्या, कपाट सरकवलं, पिशवी ओढून काढली आणि रेवतीचं मीठ पाण्यात ओतलं. रवी तिनं संतापानं दाणदाण फिरवली.

संक्रांतीनंतर रेवती आली. दवाखाना भरलेला होता. ती दारात उभी राहिली आणि तिची नजर टाकीकडे गेली. बुढी तपकिरी झाली होती, थाळीभर फुलली होती. रेवतीचे डोळे भरले. ती आत आली, मास्क लावून उभ्या असलेल्या प्रणिताच्या जवळ गेली आणि पेशंटदेखत तिचा हात धरला.

“घातलंस मीठ. माफ केलंस नं मला, पन्ने?”

प्रणितानं हात सोडवून घेतला.

“नाही,” ती म्हणाली. “तिला भूक लागली होती.” आणि तिनं पुढच्या पेशंटला आत बोलावलं.